दिल्या रोपामागे जाणाऱ्या परुळेकर सिस्टर

श्रीमती मालतीबाई परुळेकर यांना मी पहिल्यांदा जवळून पाहिले तेव्हा मी रडत होते. परळच्या रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरमध्ये, परिचारिका म्हणून माझी नुकतीच नेमणूक झाली होती. डॉक्टरांनी एक चिमटा मागितला आणि मी भलताच हातात दिला. ते सर्वांसमोर ओरडले. ड्यूटी संपल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत तोंड लपवून बसले होते, तेवढ्यात आमच्या इन्चार्ज परुळेकर सिस्टर आत आल्या. त्यांचा दरारा मोठा. मला वाटले, आता उरलेली बोलणी यांच्याकडून खायची आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, "चल गो, घरी चहा पिऊ."

नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली होती. खिडकीत कुंड्या, जिन्यातल्या खिडकीत कुंड्या, गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरही कुंड्या. जेड, अडेनियम, कलांचो, आफ्रिकन व्हायोलेट ही सगळी नावे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. चहा झाल्यावर त्यांनी ब्लेडने व्हायोलेटचे एक पान देठासकट कापले, दह्याच्या रिकाम्या डब्यातल्या मातीत खोचले आणि डबा माझ्या हातात दिला.

"बरेच दिवस याला काही होणार नाही. रोज उकरून बघायचं नाही. मुळं आत धरत असतात."

त्या पानाबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, हे मी कधी विचारले नाही. पानाला फुटवा आला आणि मीही त्या थिएटरात रुजले. पुढे अनेक वर्षे आम्ही एकत्र काम केले.

सिस्टर आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या सेवेबद्दल या अंकात इतर सहकारी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते त्यांच्या छंदाबद्दल, आणि त्यातही अशा एका प्रसंगाबद्दल, जो गौरव अंकात सहसा कोणी लिहीत नाही. मी सिस्टरांची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "तेच लिही. बाकी सगळं गोड गोड छापतीलच."

निवृत्तीनंतर त्यांनी दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये रोपांच्या देवघेवीचा मेळावा सुरू केला. नियम एकच, रोप विकायचे नाही. ज्याच्याकडे जास्त असेल त्याने आणावे, ज्याला हवे त्याने न्यावे. रिकाम्या हाताने आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये, याकडे सिस्टर स्वतः लक्ष देत. गिरगावचे, लालबागचे, भायखळ्याचे लोक येत. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून हिराबाई येत. त्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत सकाळी दहाच्या सुमारास उमलणारी ऑफिस टाइमची फुलझाडे लावीत आणि सगळ्यांना वाटीत.

अशाच एका मेळाव्याला गिरगावचे रघुनाथराव कर्णिक आले. त्यांची पत्नी वारली होती. तिने लावलेला मेणफुलाचा वेल, ज्याला आपण होया म्हणतो, ती गेल्यापासून फुलला नव्हता. "खत घातलं, जागा बदलली. काय चुकतंय?" असे ते विचारीत होते.

"काही चुकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "हलवू नका त्याला. होया रुसतो आणि परत येतो. तोवर हे घेऊन जा, खिडकीत फूल दिसत राहील." आणि त्यांनी केशरी फुलांनी भरलेल्या कलांचोची कुंडी त्यांना दिली. रघुनाथरावांनी ती घरी नेऊन वेलाच्या शेजारी ठेवली.

त्या सुमारास चाळीचा पुनर्विकास सुरू झाला होता आणि सिस्टर भाड्याच्या एका लहान खोलीत राहायला गेल्या होत्या. चाळभर पसरलेली सगळी झाडे आता एकाच खिडकीत, एकमेकांना चिकटून उभी होती. वारा नाही, ऊन अपुरे. शिवाय सिस्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. आम्ही डोळे तपासायला सांगितले की त्या म्हणत, "मला सगळं दिसतं." थिएटरात सुईच्या टोकाएवढी चूक पकडणारी बाई, तिला कोण समजावणार?

मेळाव्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या घरच्या कलांचोच्या पानांच्या बेचक्यात मला पांढरा कापूस दिसला. मिलीबग. शेतकरी याला पिठ्या ढेकूण म्हणतात. रस शोषून झाड मारतो आणि शेजारच्या झाडावर जातो. ते रोप त्याच मेळाव्यात सिस्टरांनी दिलेले होते. सांगावे की गुपचूप टाकून द्यावे, या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी कुंडी पिशवीत बांधून त्यांच्याकडे घेऊन गेले.

त्यांनी कुंडी डोळ्यांजवळ नेली. काही दिसले नाही. मग बोट फिरवले. बोटाला चिकट लागले. उठून त्या आपल्या खिडकीपाशी गेल्या आणि एकेका झाडाच्या बेचक्यात बोट घालून पाहू लागल्या. मी मागे उभी होते. शेवटच्या कुंडीपर्यंत जाऊनच त्या वळल्या.

"मी लोकांच्या घरी रोग पाठवला गो," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "सिस्टर, किडे काय, कुठूनही येतात. कोणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना." त्यांनी पदराला हात पुसले. "स्पिरिट, कापूस, कडुनिंबाचं तेल. पर्स घे. निघूया."

त्या मेळाव्यात कोणाला काय दिले हे त्यांना तोंडपाठ होते. पुढचे काही दिवस आम्ही दोघी घरोघरी फिरलो. दार उघडले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे: "मी दिलेल्या रोपातून कीड आली आहे. झाडं बघू द्या." पाणी घालून सौम्य केलेल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून त्या पान अन् पान पुसत. त्यांना दिसायचे नाही तिथे मी सांगत असे, "डावीकडे, देठाखाली." थिएटरात त्या मला सांगत, आता मी त्यांना सांगत होते. आजारी कुंड्या बाजूला काढून ठेवायच्या, हात धुवायचे, मग पुढचे घर.

बहुतेक लोक समजूतदार निघाले. हिराबाई तर दारातच हसत सुटल्या. "आगो बाय, झाराला पन आता डागदरीन आयली क?" असे म्हणून त्यांनी आम्हाला जेवायलाच बसवले.

गिरगावात मात्र तसे झाले नाही. रघुनाथराव मुलीकडे राहायला गेले होते आणि नुकतेच परतले होते. दार उघडून ते बाजूला झाले. खिडकीतल्या लोखंडी जाळीवर वेल काळवंडून लटकत होता. सिस्टरांनी फांदी खरवडून पाहिली, माती उकरून मुळे पाहिली. कुठेही हिरवे उरले नव्हते.

"तुमची ती कुंडी घरात आणली नसती तर..." रघुनाथराव म्हणाले.

मी काही समजुतीचे बोलणार, तोच सिस्टरांनी माझा हात दाबला.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळेच गेला. डोळे दाखवा म्हणून सगळे सांगत होते, मी ऐकलं नाही. तुमचं जे गेलं ते मला भरून देता यायचं नाही."

दुसरे रोप देते असे त्या म्हणाल्या नाहीत. मग त्यांनीच हळूच विचारले, "वहिनींनी हा आणला कुठून होता?"

रघुनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिले. मग सांगू लागले. वहिनींच्या माहेरी, अलिबागला, विहिरीपाशी हा वेल होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून काडी आणली. रात्री फुलांचा वास सुटला की त्या दिवा मालवून बसत, यांनाही बसवीत. "मला वासबिस काही कळत नसे," ते म्हणाले. "पण बसायचो." बोलता बोलता ते रडू लागले. त्यांच्या मुलीने नंतर मला सांगितले की, आई गेल्यावर बाबा कोणासमोर रडलेच नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला. निघताना "या" म्हणाले. क्षमा केली असे म्हणाले नाहीत, आणि सिस्टरांनीही ती मागितली नाही.

त्याच आठवड्यात सिस्टर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या. टेबलावर झोपल्यावर शेजारच्या नवशिक्या परिचारिकेला म्हणाल्या, "हात किती थंड पडलेत तुझे! घाबरू नकोस, मी हलणार नाही."

त्यानंतर मेळावा बंदच करावा असे त्यांनी ठरवले होते. आम्ही हट्ट धरला आणि शेवटचा म्हणून एक भरवला. त्या सकाळी हॉलवर पोहोचलो तर दारात टेबल टाकून रघुनाथराव बसलेले. हातात बहिर्गोल भिंग, समोर कापूस आणि स्पिरिटची बाटली. पहिल्याच बाईंची कुंडी त्यांनी अडवली होती.

"तपासल्याशिवाय आत जाणार नाही," ते बाईंना सांगत होते. मग सिस्टरांकडे वळून म्हणाले, "तुमचीही दाखवा."

सिस्टरांनी पिशवी टेबलावर ठेवली. रघुनाथरावांनी प्रत्येक पान उलटून पाहिले, अगदी सावकाश, आणि म्हणाले, "जा आत. स्वच्छ आहेत."

तो मेळावा शेवटचा ठरला नाही. टेबल अजून लागते, रघुनाथराव अजून तिथे बसतात. चहाच्या वेळी सिस्टर त्यांचा कप स्वतः दारात नेऊन देतात.

देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. आपण दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे पाहायला दुसऱ्याच्या दारापर्यंत जाणाऱ्या आणि तिथे मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या मात्र या एकच पाहिल्या. सिस्टर, तुमची दृष्टी अशीच स्वच्छ राहो, गुडघे जिने चढू देवोत, आणि नव्या घराच्या खिडकीत तुम्हाला हवे तेवढे ऊन मिळो. तुम्ही आम्हाला पुष्कळ वर्षे हव्या आहात, आणि पहिल्या दिवशी बोलावलेत तशाच, चहाला बोलावत राहणाऱ्या हव्या आहात.