माझे दोन्ही

चीफ गेल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर आला, तो समीर आणि निखिल या त्यांच्या दोन्ही मुलांच्या नावानं. 'बाबा काल शांतपणे गेले', आणि खाली दोघांची नावं शेजारी शेजारी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चीफ आजारी पडल्यापासून या दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आता महिना उलटून गेला, पण ते 'शांतपणे' अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

चीफ म्हणजे विश्वनाथ कारखानीस, बोटीवरचे चीफ इंजिनिअर. मी त्यांच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर. दर्याची नोकरी सोडून आम्ही दोघंही सिंगापुरात स्थिरावलो, त्याला जमाना झाला, तरी ते मला 'सेकंड' आणि मी त्यांना 'चीफ'च म्हणत राहिलो. "इंजिनरूममध्ये चीफ एकच असतो, सेकंड. दोन झाले की बोट बंदरातच सडते," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी वाद घालायला लागलो की हेच तोंडावर फेकायचे. घरातला चीफ कोण ते वहिनींना विचारा, असं मी म्हटलं की मात्र खो खो हसायचे.

वहिनी गेल्यावर बेडोकच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहिले. वरचा मजला, खिडकीतून समुद्र, आणि समुद्रात नांगर टाकून थांबलेली जहाजं. सकाळी चहाचा मग घेऊन, डोळ्यांना दुर्बीण लावून बसायचे. "तो हिरवा टँकर अजून तिथंच आहे बघ. ऑर्डर नाही आलेली बिचाऱ्याला." रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर जायचो. तिथं लोक सायकली चालवायला जातात; चीफ जायचे ते बेटावर नेणाऱ्या लाकडी बमबोटीच्या इंजिनाशेजारी बसायला. धूर, कानठळ्या, आणि त्यात यांचं निदान... "इंजेक्टर गेलाय याचा." म्हातारा बोटवाला म्हणायचा, "अंकल, यू रिपेअर, आय गिव्ह यू फ्री राइड लाह!" त्या दिवशी स्वारी खूश.

इथं एक कागद करून ठेवता येतो. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी. उद्या आपली समज गेली, तर आपण कुठं राहायचं, काय खायचं, आपली काळजी कशी घ्यायची, हे आपल्या वतीनं कोणी ठरवायचं ते आधीच लिहून द्यायचं. ज्याला नेमायचं तो 'डोनी'. चीफनी तो कागद केला त्या दिवशी मी सोबत होतो. नंतर हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिताना म्हणाले, "अरे, हा तर मराठी शब्द निघाला. डोनी म्हणजे दोन्ही. माझे दोन्ही!"

त्या कागदात एक प्रश्न असतो. दोघांना नेमलंत, तर दोघांनी मिळूनच ठरवायचं, की कोणा एकानं ठरवलं तरी चालेल? चीफनी 'मिळून'वर खूण केली होती.

"चीफ, इंजिनरूममध्ये एकच..."

"मुलं आहेत ती, इंजिन नाहीत. एकाला मोठं केलं तर दुसऱ्याला काय तोंड दाखवू?"

पुढं वर्ष व्हायच्या आत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द उरला एकच, 'घरी'. निर्णय घेण्याची समज राहिलेली नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि तो कागद जिवंत झाला. समीर राहतो चोआ चू कांगला, सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं म्हणणं, "काका, माझ्या घराजवळ वृद्धांना सांभाळणारं नर्सिंग होम आहे. मी रोज जाईन." निखिल पुण्याला. त्याचं म्हणणं, "बाबांना इकडे आणा. आपली माणसं, आपलं जेवण." मी सुचवलं, बेडोकलाच मदतीला बाई ठेवा, मी शेजारच्याच ब्लॉकमध्ये आहे. एकाला त्यात धोका दिसला, दुसऱ्याला परक्या बाईचा भरवसा वाटेना. मग दोघांचं ठरेपर्यंत चीफ 'तात्पुरते' हॉस्पिटलनं शोधलेल्या एका नर्सिंग होममध्ये गेले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसऱ्याला खाट मिळाली.

गिळताना ठसका लागायचा म्हणून चहा खळीसारखा घट्ट करून चमच्यानं भरवत. आयुष्यभर कडक चहा प्यायलेला माणूस तो चमचा बघून तोंड फिरवायचा. एका दुपारी मी गेलो, तर समीर आणि त्याची मुलगी बसलेले, निखिल फोनवर, समोर व्हिडिओत. चीफ म्हणाले, "घरी."

"ऐकलंस ना दादा? घरी म्हणजे पुण्याला," निखिल म्हणाला.

"ते सगळ्यालाच घरी म्हणतात रे. पाणी हवं असलं तरी घरी," समीर म्हणाला.

नात मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "ही मीन्स बेडोक लाह, पापा."

"अगं, आजोबांना आता कळत नाही."

चीफनी डावा हात हळूहळू उचलला. मूठ पोकळ करून डोळ्याला लावली, दुर्बीण धरावी तशी, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "समीर, अरे बघ, ते खिडकीबद्दल..." समीर उठला. "ऊन येतंय का बाबा डोळ्यांवर?" म्हणत त्यानं पडदा ओढून घेतला. प्रेमानंच ओढला, हे मला मान्य आहे.

दोघंही वाईट नाहीत, असं मला भेटणारा प्रत्येक जण सांगतो. खरं आहे. एखादा जरा वाईट असता, तर म्हाताऱ्यावरचा हक्क सोडून मोकळा झाला असता आणि चीफ कुठं तरी पोचले असते. माझा राग त्यांच्यापेक्षा चीफवर जास्त आहे. शेकडो माणसांना हुकूम देणाऱ्या माणसाला घरात एक नाव घेता आलं नाही. मुलांना तोंड दाखवायची सोय केली, स्वतः मात्र ऑर्डरची वाट बघत नांगरावर पडून राहिले... आणि छातीत कफ होऊन, त्या तात्पुरत्या खाटेवरच गेले.

ते गेल्यावर लगेच मीही माझा कागद केला. नाव एकच, मुलीचं. तेव्हापासून मुलगा फोनवर कामापुरतं बोलतो. बोलू दे.

बेडोकच्या फ्लॅटची किल्ली अजून माझ्याकडे आहे. दोन्ही भाऊ सवड काढून येतील तेव्हा आवराआवर. मी आठवड्यातून एकदा जातो, खिडकी उघडतो, दुर्बिणीवरची धूळ पुसतो. हिरवा टँकर केव्हाच गेला. परवा समीरचा फोन आला, "काका, दुर्बीण तेवढी माझ्यासाठी ठेवा." दुसऱ्या दिवशी निखिलचा, "काका, बाबांची दुर्बीण मला हवी आहे हां."

दोघांनाही मी एकच उत्तर दिलं. मिळून ठरवा आणि मला कळवा. तोवर ती कुठंही जाणार नाही. खिडकीतच राहील. घरी.