चाळलेल्या मातीवरचं पाऊल

रुक्माबाईची चाळणी अर्ध्यावर थांबली. निम्मं ज्वारीचं पीठ परातीत, निम्मं अजून डब्यात, आणि दारात रत्नपाल सर उभे. हिंगोलीच्या कॉलेजात शिकवणारे हे तरणे सर दोन हजार दोनच्या त्या उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाजवळच्या गिट्टीच्या खदानीभोवती गळ्यात दुर्बीण अडकवून फिरत असत.

"मावशी, चाळणी देता का? माती चाळायची हाय."

"पिठाच्या चाळणीनं माती? बायको कशी घरात घेती तुमाला?"

"अजून केली न्हाई."

"मंग बराबर."

सरांनी समजावून सांगितलं. खदानीच्या खड्ड्यात पाणी साचतं, रात्री जनावरं प्यायला येतात. काठावर बारीक माती पसरली की पावलं उमटतात. सुरुंग सुरू झाल्यापासून कोण टिकलं, कोण निघून गेलं, हे त्यांना बघायचं होतं. चंद्रपूरकडं कोळशाच्या उघड्या खाणींभोवती ते हेच काम शिकून आले होते.

रुक्माबाईच्या घरी असं पाऊल एकदा उमटलं होतं. तिचा नवरा जळबा, त्याच खदानीत घण मारणारा, तापानं गेला. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळावं म्हणून दहाव्याला रात्री पडवीत पीठ पसरलं. सकाळी त्यावर पाऊल होतं. नणंद पद्माबाई वाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "कुत्रं." तेव्हापासून भांडण निघालं की पद्माबाई तेच काढायची. औंढ्याला नागनाथापुढं हात जोडले तरी रुक्माबाईच्या मनात तेच यायचं. नखं कुत्र्याची खरी, पण पाऊल मांजराएवढं. असं कुत्रं असतं का?

"चला, मीच चाळते," ती उठली. "तुमच्यानं ढेकळं राहतील."

संध्याकाळी काठावर माती पसरून झाली. दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन बघतात तर मातीवर पणती, हळदकुंकू आणि अर्धी भाकर. भाकरीपायी गावच्या कुत्र्यांनी सगळी माती उकरलेली. खदानीचा राखणदार सटवाजी टोपी काढून बाजूला उभा.

"कोण गेलं, वैनी?"

"कोणी गेलं न्हाई."

"मंग दहाव्याला पीठ पसरतात तसं हे काहून पसरलं? मीच पणती-भाकर ठेवली. मी समद्या ट्रका पल्याडून वळवल्या. सादिक ड्रायव्हर तर हॉर्न न वाजवता गेला."

सर तोंड फिरवून हसू दाबत होते. रुक्माबाईनं पुन्हा माती चाळली. "आता भाकर ठेवायची तर तुझ्या पोटात ठेव," तिनं सटवाजीला बजावलं.

पुढच्या सकाळी माती पावलांनी भरून गेली होती. मोराचे पंजे, रोहीचे, म्हणजे नीलगायीचे खूर, आणि अगदी कडेनं एका ओळीत गेलेली बारकी पावलं. रुक्माबाईनं वाकून त्यांची नखं बघितली.

"सर, हे कुत्रं हाय का?"

सरांनी पट्टी लावून बघितलं. "न्हाई. ही खोकड, कोल्ह्याची बारकी जात. नखं कुत्र्यागत, पाऊल मांजराएवढं."

"पडवीत येती का ही?"

"उंदराच्या मागं येती की."

मग तिनं पिठाचं सांगितलं, पद्माबाईचंही. सरांनी पट्टी खिशात घातली.

"मी बौद्ध माणूस, मावशी. पुढच्या जन्माचं मला विचारू नका. पण तुमी सांगता तसं असंल तर ते पाऊल कुत्र्याचं नव्हतं. एवढं मी पद्माबाईंपुढंबी सांगीन."

रुक्माबाईनं डोळ्याला पदर लावला. मग लगेच विचारलं, "राहती कुठं? खाती काय? सुरुंगाला भीत न्हाई?"

"बिळं त्या माळावर असतील. उंदीर, किडे, बोरं खाती. सुरुंगाचं मलाबी ठाऊक न्हाई. त्यासाठीच तर वर्षभर माती चाळायची."

"मंग ही चाळणी इथंच ठेवू."

घरी डब्यातलं निम्मं पीठ अजून तसंच होतं. तिनं लुगड्याची माती झटकली. आता तिला औंढ्याच्या बाजारातून पिठाची नवी चाळणी आणायची होती.