ढोलकीच्या पट्टीवर हिचा आवाज

संध्याकाळी शेजाऱ्याच्या पडवीत त्यानं नि मी चहा घेतला, मग तो वाजवायचे दोन कीबोर्ड कंप्युटरला जोडायला बसला. आमच्या भजनी मंडळाची गाणी तोच बसवतो. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणार नाही, वायरशी बोलेल. "कुठं चाललास रे? तुझं पोर्ट पलीकडचं."

मी म्हटलं, पोर्ट म्हणजे आमचं दाभोळ बंदर.

"तेच हो, आबा. दोन होड्या एकाच धक्क्याला लागल्यात."

त्यानं एका कीबोर्डावरची ढोलकीची पट्टी दाबली, आणि आमची ही गायली. हिचं भजन त्यानं मागं भरून दुसऱ्या कीबोर्डावर ठेवलं होतं. ही जाऊन दोन महिने झाले नाहीत.

"सगळं पुसून परत घालायला लागेल," तो म्हणाला.

"आणि हिचा आवाज गेला तर?"

तो वायरच चाचपत राहिला. मी घाबरून उठून घरी आलो.

सकाळी तो दारात आला, माझा मोबाइल मागून घेतला, काहीतरी केलं आणि परत दिला. "काकूंचं भजन यात घातलंय. आधी ऐका, मगच मी तिकडचं पुसतो."

माझं बोट पुढं जाईना. दाबलं आणि ढोलकीच वाजली तर?

त्यानं घाई केली नाही. चपला काढून पायरीवर बसला.