मावशीचा लांब दांडा आणि नम्रराव

माझ्या मावशीचे आवाज दोन. घरात "अगं ए, उचल ती ताटली!" अशी गर्जना, आणि ऑफिसच्या कॉलवर "नाही नाही, अगदी छान, काहीच हरकत नाही" असं साखरेत घोळलेलं बोलणं. मला दोन्ही हुबेहूब जमतात; पाहुणे आले की नकलेची फर्माईश होतेच. दुसऱ्यासाठी मान जरा तिरकी करावी लागते, एवढंच.

मावशी म्हाताऱ्या माणसांसाठी चाकांचे वॉकर डिझाइन करते. जोडीला परदेशातला एक इंजिनियर. इतका सभ्य, की मावशीने त्याचं नाव नम्रराव ठेवलं. कॉम्प्युटरवर दोघांचं ड्रॉइंग एकच. मावशीने ब्रेकचा दांडा लांब काढला, कारण आजीची बोटं आखडलेली. लांब दांड्याला जोर कमी लागतो. सकाळी बघते तर दांडा आखूड! तिने गुपचूप वाढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आखूड. आणि कॉलवर?

"ड्रॉइंग सुंदर झालंय!"

"छे छे, सगळं श्रेय तुमचंच!"

कॉल बंद होताच मावशीचा घरचा आवाज लागला. "लबाड! समोर साखर नि पाठीमागे करवत!"

"आणि तू काय करतेस गं?" आजीने विचारलं.

"मी दुरुस्त करते!"

"तोही घरी हेच सांगत असेल."

शुक्रवारी ड्रॉइंग कारखान्यात साच्याला जाणार होतं, मग बदल नाही. आखूड दांडा गेला, तर आजीसारख्यांना ब्रेक लागणारच नव्हता. गुरुवारी मावशीने आजीला कॅमेऱ्यासमोर बसवलं, आखूड दांड्याचा नमुना तिच्या हातात दिला आणि चक्क घरच्या आवाजात म्हणाली, "दांडा रोज मी वाढवते. चोरून. हा आईला ओढवत नाही, बघा."

नम्रराव लालबुंद. उठून गेलाच.

"संपलं," मावशी पुटपुटली.

तेवढ्यात तो लांब दांड्याचा वॉकर घेऊन आला आणि आपल्या बाथरूमच्या दारातून ढकलू लागला. बाजूला आलेला दांडा चौकटीत अडकला. "आमची दारं अरुंद," तो म्हणाला. "पण तुमचं चुकलं, असं तोंडावर कसं सांगायचं?"

"हिने तरी कुठे सांगितलं?" आजी म्हणाली.

मावशी हसत सुटली. "लांबच ठेवू, पण टोक आत वळवू? खालच्या बाजूने?"

"खालून नको! बोटं चेमटतील. वरून."

"नको म्हणाला!" कॉल संपल्यावर मावशी घरभर सांगत सुटली, जणू बक्षीसच मिळालं होतं. "तोंडावर नको म्हणाला!"

वळलेला लांब दांडा शुक्रवारी साच्याला गेला. आता दोघं कॉलवर कचाकचा भांडतात. पंचाईत माझी झाली: मान तिरकी करून काढायचा तो आवाज आता पाहुण्यांना ओळखूच येत नाही.