कुठून मोजलंस?

आमच्या मॅडम ‘चुकलं’ असं कधी म्हणाल्या नाहीत. पडद्यावर काही भलतीकडे उमटलं की शांतपणे विचारायच्या, “कुठून मोजलंस?” येरमाळ्यात टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. आम्ही चौघी मुली आणि तीन कॉम्प्युटर. मॅडम लोहाऱ्याकडच्या, इथल्या शेतकरी घरात दिलेल्या. घरच्या भाकरी थापून अकराला जिना चढायच्या, तेव्हा मनगटाला पीठ लागलेलं असायचं.

जावास्क्रिप्टनं एखादी वस्तू पानावर कुठं आहे ते कसं काढायचं, हे शिकवताना त्यांनी खोक्याच्या झाकणाला चौकोनी भोक पाडलं आणि त्यामागून वर्तमानपत्र सरकवलं. “पान लांब, खिडकी लहान. गेट बाउंडिंग क्लायंट रेक्ट खिडकीपासूनचं अंतर सांगतं, पानाच्या माथ्यापासूनचं न्हाय. पान किती सरकलंय ते त्यात मिळवायचं.” मी मान हलवली. मला वाटलं, कळलं.

त्याच वर्षी त्यांच्या सासऱ्यांना, आण्णांना, लकवा झाला. बांधावरून हाक मारली की वस्तीपर्यंत ऐकू जाणाऱ्या माणसाची वाचा गेली. मॅडमनी जुन्या टॅबवर त्यांच्यासाठी एक पान करायला घेतलं. पाणी, चहा, पंखा, पोटदुखी अशी चित्रं, आणि आण्णा ज्याला बोट लावतील त्याच्याभोवती लाल कडं. त्यांचं बोट थरथरायचं, म्हणून घरचे कड्याकडंच बघणार होते. कड्याचं काम मॅडमनी मला दिलं. मी ते केलं आणि पान न सरकवताच तपासलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम क्लासमध्ये असताना आण्णांनी पान थोडं वर सरकवून पोटदुखीला बोट लावलं. कडं उमटलं वरच्या ओळीतल्या चहाभोवती. घरच्यांनी चहा दिला. त्यांनी कप ढकलला, पुन्हा बोट लावलं. पुन्हा चहा आला. मग त्यांनी टॅबच भिरकावला. दुपारी मॅडम घरी आल्या, त्यांनी पोटाला हात लावून पाहिला, तर लघवी तुंबलेली. लगोलग जीप करून दवाखान्यात नेलं. नळी घातल्यावर आराम पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांचे मालक, आण्णांचा मुलगा, क्लासवर आले. “ते कडं कुणी केलतं?” त्यांनी विचारलं. मी उठायच्या आत मॅडम म्हणाल्या, “मी. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं न्हाय.” ते जिना उतरून गेले. मग मॅडम माझ्याकडं वळल्या.

“कुठून मोजलंस?”

“खिडकीपासून,” म्हणताना मला रडू फुटलं.

“मग मिळव की आता. रडून पान सरकत न्हाय.”

मी स्क्रोलवाय, म्हणजे पान जेवढं सरकलं तेवढं अंतर, मिळवलं. एका ओळीचं काम होतं.

आण्णांचं मात्र तेवढ्यानं भागलं नाही. ते टॅबकडं बघेनात. मॅडम रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून स्वतःच पान सरकवायच्या, चित्राला बोट लावायच्या. “बघा आण्णा, मला पाणी पायजे,” असं म्हणून खरंच उठून पाणी पिऊन यायच्या. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडायचे. आठ-दहा दिवस असं चाललं. एका संध्याकाळी मीही तिथं होते. आण्णांनी डावा हात पुढं केला, पान सरकवलं आणि अगदी खालच्या पंख्यावर बोट ठेवलं. कडं पंख्याभोवतीच उमटलं. मॅडमनी उठून पंखा लावला आणि बराच वेळ बटणापाशीच आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

आण्णा त्यानंतर दोन वर्षं होते. ते गेल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी मॅडम सोलापूरला गेल्या आणि क्लास बंद झाला. मला तोवर पुण्यात नोकरी लागली होती. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्या भांडी पोत्यात भरत होत्या. म्हणाल्या, “अडलं की फोन कर. पण आधी अर्धा तास तुझं तू बघ.”

अर्ध्या तासात चूक बहुतेक वेळा सापडते. तरी मी फोन करते.