बाबांचा ‘मी’

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. मी कथा लिहिते, म्हणजे नसलेलं रचणं हेच माझं काम... तरी ही गोष्ट रचलेली नाही.

भिलाईत मरोद्याला आमचं क्वार्टर होतं. बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर. ड्यूटीवरून आले की सायकल भिंतीला टेकवून पेरूच्या झाडाखाली चहा प्यायचे, बोलायचे फार कमी. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्यावर कथा लिहायला घेतली — ‘तो’ लावून. ‘तो भंडाऱ्याहून आला, तो कामाला लागला...’ पानंच्या पानं झाली, पण बाबा काही त्यात येईनात. सर्टिफिकेट वाचल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी दुपारी चिडून मी ‘तो’ खोडला आणि ‘मी’ लिहिलं. मग तासभर हात थांबलाच नाही. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात बाबा पेटी उचलून स्टेशनवर आलेत, कायमचं गावी परत जायला — असं काहीतरी मी लिहून बसले. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. छान सुचलं, एवढंच वाटलं.

बाबांचे जुने दोस्त मेश्रामकाका भिलाईतच खुर्सीपारला राहतात. त्यांना मी कथा वाचून दाखवायला गेले. कथेत स्टेशनच्या बाकावर बसलेल्या बाबांना दोस्त म्हणतो, “जा ना बे. पण मायले काय सांगशील, ते पहिले मले सांगून पाह्य.”

काकांनी माझा हात धरला. “हे तुले कोनं सांगतलं?”

“कोणी नाही, काका. मनानंच लिहिलं.”

“मनानं कसं? मीच म्हटलं होतं हे! त्यानं मले शपथ घातली होती, कोनाले सांगू नको. तुह्या आईलेबी मालूम नाही.”

काका खाली बघत हळूच म्हणाले, “मी पानी आनाले गेलो होतो. परत आलो तं गाडी सुटून राहिली होती, अन् हा बाकावरच. काहून थांबला, ते जिंदगीभर बोलला नाही... तुनं लिहिलं का ते?”

लिहिलं होतं. मी बाबांचं ते वाक्य वाचलं — ‘हा पानी घेऊन येईल अन् मी नसीन, तं लोटा धरून कोनाले शोधील?’

काका लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, “अजून एकदा वाच, बेटा.”

त्यानंतर कितीदा तरी ‘मी’ लिहून बसले. येतो तो माझाच आवाज. लहानपणी काही कानावर पडलं असेल, अशी समजूत घालते... पण जे काकांनाही ठाऊक नव्हतं, ते माझ्या कानावर कुठून पडणार? माझी वाक्यं मला ओळखू येतात. ते वाक्य माझं नाही.