काळी बाजू

इम्रिखकाकांच्या अंत्ययात्रेत घोळ घातला तो मी. आमच्या बंधुसभेच्या बिल्ल्याला दोन बाजू असतात. मिरवणुकीत लाल, आणि सभासद गेला तर काळी. मुख्य कचेरीने शाखेचा चिटणीस म्हणून मला आधीच कळवलं होतं की इम्रिख कोवालचिकचं नाव कमी केलंय, त्याच्यासाठी कुणी बिल्ला उलटायचा नाही. ते सांगायचं मी साफ विसरलो. सगळी शाखा काळे बिल्ले लावून दफनभूमीपर्यंत गेली. पुढे झेंडा माझ्याच हातात.

काकांचा गुन्हा एवढाच, की खाणीत पाठ मोडल्यावर ते मेहुण्याच्या गुत्त्यात बिअर ओतायला उभे राहिले. दारू विकणाऱ्याला सभेत थारा नाही, असा नियम. सभा त्याच गुत्त्याच्या माडीवर भरायची, ते सोडा.

सभासद गेला की सभा घरच्यांना विम्याचे पैसे देते; कचेरीने ते नाकारले. काकांच्या मालमत्तेच्या कारभारी म्हणून व्हेरोनाकाकूंनी दावा ठोकला. निम्म्यावर मिटवा, असं पाद्रीसुद्धा सांगून गेले.

"पैशाचं बघू नंतर," काकू म्हणाल्या, "माझ्या माणसाला मेल्यावर घराबाहेर काढलंय. आधी त्याला आत घ्या."

काका बिअर ओतायचे हे सिद्ध करायला कचेरीच्या वकिलाने साक्षीला मलाच बोलावलं. ओतायचे, मी म्हणालो. त्यांनी ओतलेला बिअरचा शेवटचा मग मीच प्यालो.

मग काकूंनी काकांचा बिल्ला आपल्या वकिलाच्या हातात ठेवला. काळी बाजू कुणासाठी, त्याने विचारलं. फक्त सभासदासाठी, मी म्हणालो. कचेरीचा वकील उसळला, हा सगळा या विसरभोळ्याचा प्रताप म्हणाला.

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "हा गृहस्थ गुत्त्यात काम करतो, हे बाकीच्यांना माहीत होतं?"

"साहेब, सभा संपली की आम्ही सगळे खालीच असायचो."

निकाल काकूंच्या बाजूने लागला. सगळं ठाऊक असून ज्याला भाऊ म्हणून पुरलं, त्याला आता परका म्हणता येणार नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर काकूंनी काकांचा बिल्ला स्वतःच्या शालीला लावला, लाल बाजूने. आमचे बिल्लेही लाल झाले आणि बँड नसताना मिरवणूक निघाली ती थेट गुत्त्यात. बिअर ओतायला काकूच उभ्या.

माझ्यापुढे बिअरचा मग ठेवताना म्हणाल्या, "मातुश, शेवटचा मग प्यालास, हे शपथेवर सांगितलंस. पैसे दिलेस, असं काही ऐकलं नाही मी."

मी खिशात हात घातला, तोवर काकू पुढच्या टेबलाशी पोचल्या होत्या. काकांच्या त्या मगाचे पैसे अजून तसेच बाकी आहेत.